वारशाचा माग

श्रोतेहो, आजचा विषय संगणकाच्या आज्ञावलीचा आहे. परंतु आरंभ एका कचेरीपासून करतो. काही वर्षांपूर्वी तेथील आज्ञावलीत शिरलेला एक दोष शोधून काढण्यासाठी मला बोलावणे आले होते. त्या कचेरीत लोकांचे अर्ज येत. निकाल न लागलेल्या अर्जांचा एक संच संगणकात ठेवलेला असे. दिवसभरात जितके अर्ज हातावेगळे होत, त्यांची यादी संध्याकाळी संगणकाला दिली जाई आणि ते अर्ज संचातून एकदम वगळले जात. किती वगळले याचा आकडा आपोआप वरिष्ठांकडे जाई. बहुतेक दिवशी हा आकडा बिनचूक असे. मधूनच एखाद्या दिवशी मात्र तो शून्य येई.

चमत्कारिक गोष्ट अशी की, हे शून्याचे दिवस आळसाचे नव्हते. त्या टेबलावर काम करणाऱ्या बाई मला म्हणाल्या, “अहो, ज्या दिवशी मी दिवेलागणीपर्यंत बसून सगळेच्या सगळे अर्ज संपवले, नेमके त्याच दिवशी वर शून्य गेले. आता साहेब विचारतात, बाई, त्या दिवशी तुम्ही केलेत तरी काय? मी काय सांगावे?”

आज्ञावली लिहिणारा तरुण हुशार होता. त्याने स्वतः लिहिलेल्या ओळी जेमतेम वीस. त्या त्याने मला पुनःपुन्हा दाखवल्या आणि त्यांत चूक नाही असे शपथेवर सांगितले. त्याचे म्हणणे खरे होते. त्या वीस ओळींत चूक नव्हती. त्या ओळींना पूर्वजांकडून जे मिळाले होते ते त्याने कधी वाचले नव्हते, आणि दोष तेथे दडून बसला होता. वारशाने आलेल्या कृतीचा माग कसा काढावा, हे या शून्याच्या निमित्ताने आज आपल्याला सांगावयाचे आहे.

प्रथम दोन-तीन शब्दांची ओळख करून घेऊ. आज्ञावलीच्या एका पद्धतीत सर्व कामकाज ‘वस्तूं’च्या द्वारे चालते. वस्तू म्हणजे काही माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या कृती यांची एकत्र बांधलेली मोट. एकाच घडणीच्या वस्तूंचा जो साचा, तो ‘वर्ग’. या व्यवसायातील मंडळी यांना ऑब्जेक्ट, मेथड आणि क्लास म्हणतात. आपण वस्तू, कृती आणि वर्ग म्हणू. एक वर्ग दुसऱ्या वर्गाचा वारस म्हणून जाहीर करता येतो. वारसाला पूर्वजाच्या सर्व कृती न लिहिताच लाभतात. ज्या कृती त्याला निराळ्या हव्या असतील तेवढ्याच त्याने नव्याने लिहावयाच्या.

ही कल्पना नॉर्वेतील ओस्लो शहरी जन्मास आली. तेथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड हे दोघे, प्रत्यक्ष व्यवहाराची नक्कल संगणकावर कशी उतरवावी या प्रश्नामागे लागले होते. पुलावरचा जकातनाका आणि त्यापुढे लागलेली वाहनांची रांग हे त्यांच्या विचारातील एक उदाहरण. रांगेत मालमोटारी असतात आणि बसगाड्याही असतात. रांगेत उभे राहणे दोघींनाही समान. एक माल वाहते, दुसरी उतारू. मग जे समान आहे ते एकदाच लिहावे आणि भेद तेवढा वेगळा लिहावा, हा विचार त्यांतून पक्व झाला, आणि १९६७ साली ‘सिम्युला ६७’ या भाषेत वर्ग आणि उपवर्ग या रूपाने तो प्रकट झाला. पुढे अमेरिकेत, पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात ‘स्मॉलटॉक’ ही भाषा घडली. तिच्या १९७२ च्या पहिल्या रूपात वारसा नव्हता. १९७६ च्या रूपात तो आला. ‘सी-प्लस-प्लस’, ‘जावा’, ‘पायथॉन’ या आज जगभर चालणाऱ्या भाषांनी हीच परंपरा पुढे नेली. डाल आणि न्यूगार्ड यांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले आणि २००२ साली, काही आठवड्यांच्या अंतराने, दोघेही निवर्तले.

‘वारसा’ हा शब्द सोयीचा आहे, पण तो फसवाही आहे. घरातील वारशाने भांडीकुंडी, दागदागिने मुलांच्या घरी येतात. पूर्वजाकडे मग ती राहत नाहीत. वर्गाच्या वारशात असे काहीच हलत नाही. कृती पूर्वजाच्याच घरी लिहिलेली असते आणि तेथेच राहते. वारसाच्या घरी तिचे एक अक्षरही आढळत नाही. वारसाला तिचे काम पडले म्हणजे जणू तो वर जाऊन ती विचारून येतो. म्हणूनच एखाद्या वर्गाचे सर्व पान वाचले तरी त्या वर्गाची वस्तू काय काय करील हे कळत नाही.

मग संगणक कृती शोधतो तरी कशी? याचा नियम एका घरगुती उदाहरणाने सांगतो. समजा, पुण्यातील एका आजीने आपल्या वहीत आमटीची कृती लिहून ठेवली आहे. तुरीची डाळ शिजवून घोटावी, चिंचेचा कोळ आणि गूळ घालावा, घरचा मसाला घालावा, वरून फोडणी द्यावी. त्याच वहीत पुढच्या पानावर तिने घरच्या मसाल्याची कृतीही लिहिली आहे. तो अर्थात गोडा मसाला. तिची मुलगी लग्न होऊन नागपुरास गेली. तिने आपल्या वहीत आमटी पुन्हा लिहिली नाही, कारण ती आईची चालतच होती. मसाला मात्र तिकडच्या चवीचा, तिखट आणि काळा, असा स्वतःचा लिहिला. तिची मुलगी, म्हणजे आजीची नात, आज इंदुरास संसार करते. तिच्या वहीत आमटीही नाही आणि मसालाही नाही. दोन-चार गोडाचे पदार्थ आहेत इतकेच.

आता ही नात आमटी करू लागली. पहिला नियम असा: शोध नेहमी करणाराच्या स्वतःच्या वहीपासून सुरू व्हावयाचा, आणि एकेक पिढी वर चढत जावयाचे; जेथे कृती प्रथम सापडेल तेथे थांबावयाचे. नातीच्या वहीत आमटी नाही, आईच्या वहीत नाही, आजीच्या वहीत सापडली. आजीची वही उघडून तिने डाळ शिजवली, चिंच-गूळ घातला, आणि पुढे शब्द आले, ‘घरचा मसाला घालावा’. कोणाच्या घरचा? हात सहजच पान उलटून गोड्या मसाल्याकडे जाईल, कारण ती कृती त्याच वहीत आहे. परंतु दुसरा नियम येथे आड येतो. ‘घरचा’ म्हणजे लिहिणाराच्या घरचा नव्हे, करणाराच्या घरचा. म्हणून आजीची वही हातात असतानाही शोध पुन्हा अगदी खालून, नातीच्या वहीपासून, सुरू करावयाचा. तेथे मसाला नाही, आईच्या वहीत आहे, तेथे थांबावयाचे. म्हणजे आमटी आजीची, मसाला आईचा आणि चूल नातीची, असा प्रकार झाला. आजीने ती ओळ लिहिली तेव्हा नागपूरचा मसाला तिच्या स्वप्नातही नव्हता. तरी तिच्याच आमटीत तो जाऊन पडला.

श्रोतेहो, वर्गांच्या वंशावळीतील निम्मे गोंधळ हा दुसरा नियम विसरल्यामुळे होतात. पूर्वजाच्या कृतीत जेव्हा जेव्हा ‘स्वतःची अमुक कृती कर’ असा हुकूम येतो, तेव्हा तेव्हा तो ‘स्व’ म्हणजे प्रत्यक्षात काम करणारी, तळाशी उभी असलेली वस्तू होय. स्मॉलटॉकमध्ये याला ‘सेल्फ’ म्हणतात, जावात ‘धिस’ म्हणतात, अर्थ एकच. पूर्वज बोलत असतो, पण करतो वंशज.

याच्या उलट स्वभावाचा आणखी एक शब्द आहे, ‘सुपर’. समजा, नागपूरच्या आईने मसाल्याच्या कृतीत लिहिले, ‘माझ्या आईप्रमाणे मसाला करावा आणि त्यात मिरी अधिक घालावी.’ ही ओळ इंदूरची नात वाचते तेव्हा ‘माझी आई’ कोण? वाचणारीची आई धरली तर ती नागपूरचीच. म्हणजे त्याच वहीतील तेच पान पुन्हा वाचावयाचे, तेथे पुन्हा तेच शब्द, आणि या फेऱ्याला अंत नाही. म्हणून येथे ‘माझी’ म्हणजे लिहिणारीची. ‘सुपर’चा शोध ज्या वर्गात ती ओळ लिहिली आहे त्याच्या एक पायरी वरून सुरू होतो, वस्तूचा वर्ग कोणताही असो. पायथॉन भाषेच्या जुन्या आवृत्तीत काही जण ‘सुपर’ला लिहिणाराच्या वर्गाऐवजी वस्तूचा स्वतःचा वर्ग पुरवीत. त्या वर्गाला पुढे वारस झाला की आज्ञावली नेमकी याच न संपणाऱ्या फेऱ्यात अडके. ‘सेल्फ’ म्हणजे करणाराचा आणि ‘सुपर’ म्हणजे लिहिणाराचा, एवढे एक सूत्र मनात पक्के केले तर माग काढण्याचे अर्धे काम झाले असे समजावे.

आता आपल्या कचेरीकडे परत जाऊ. ती आज्ञावली जावा भाषेत होती. जावात वस्तूंचे संच, याद्या इत्यादी ठेवण्यासाठी तयार वर्गांचा एक मोठा विभाग आहे. जोशुआ ब्लॉक यांनी आखलेला हा विभाग १९९८ च्या डिसेंबरात आवृत्ती १.२ बरोबर आला. त्यातील ‘हॅशसेट’ हा संच ठेवणारा वर्ग. त्याचा पूर्वज ‘ॲबस्ट्रॅक्टसेट’, त्याचा पूर्वज ‘ॲबस्ट्रॅक्टकलेक्शन’, आणि सर्वांच्या शिरावर मूळपुरुष ‘ऑब्जेक्ट’. अशी ही चार पिढ्यांची वंशावळ आहे. तिच्यात कोणती कृती कोणाच्या घरी आहे हे पाहण्यासारखे आहे. एक वस्तू घालण्याची आणि एक काढण्याची कृती हॅशसेटच्या स्वतःच्या घरी. दोन संच समान आहेत की नाहीत हे ठरवण्याची कृती एक पायरी वर, ॲबस्ट्रॅक्टसेटमध्ये. संच अक्षरांत छापून दाखवण्याची कृती आणखी एक पायरी वर, ॲबस्ट्रॅक्टकलेक्शनमध्ये. आणि तू कोणत्या वर्गाची, असे वस्तूला विचारण्याची कृती थेट मूळपुरुषाकडे. वापरणाराला मात्र ही सर्व कृत्ये हॅशसेटचीच वाटतात.

आमच्या तरुणाने हॅशसेटचा एक वारस निर्माण केला. त्याला आपण ‘मोजणारा संच’ म्हणू. त्यात त्याने एकच कृती नव्याने लिहिली, एक वस्तू काढण्याची, म्हणजे ‘रिमूव्ह’. नव्या कृतीत प्रथम ‘सुपर’द्वारे हॅशसेटकडून वस्तू काढून घ्यावयाची, आणि ती खरोखर निघाली तर आकडा एकाने वाढवावयाचा. पुष्कळ वस्तू एकदम काढण्याची ‘रिमूव्हऑल’ ही कृती त्याने लिहिली नाही. ती वारशाने मिळालेलीच होती. आणि एकदम काढणे म्हणजे एकेक करून काढणेच असणार, असे त्याने गृहीत धरले.

मी कागद घेऊन माग काढावयास बसलो, आणि प्रथम मीच चुकलो. रिमूव्हऑल ही कृती मला ॲबस्ट्रॅक्टकलेक्शनच्या पानावर दिसली. ती अशी: संचातून एक फिरता दर्शक चालवावा, प्रत्येक वस्तू दिलेल्या यादीत आहे का ते पाहावे, असल्यास दर्शकालाच ती काढावयास सांगावी. येथे रिमूव्हला कोणी हाकच मारीत नाही! मला वाटले, सापडला दोष. पण मग आकडा रोजच शून्य यावयास हवा होता; बहुतेक दिवशी तो बरोबर कसा येत होता? माझी चूक अशी की, पायऱ्या ओलांडून मी भलत्याच पूर्वजाकडे गेलो होतो. खालून एकेक पायरी चढलो तेव्हा कळले, मोजणाऱ्या संचात रिमूव्हऑल नाही, हॅशसेटमध्ये नाही, पण त्यावरच्या ॲबस्ट्रॅक्टसेटमध्ये आहे. तेथे शोध थांबतो. वरच्या पिढीतील त्याच नावाची कृती या वंशापुरती झाकली गेलेली असते.

ॲबस्ट्रॅक्टसेटमधील कृती मात्र मोठी काटकसरी निघाली. ती आधी दोन संख्यांची तुलना करते. संच मोठा आणि यादी लहान असेल तर ती यादीतील एकेक वस्तू घेऊन ‘स्वतःच्या’ रिमूव्हला हाक मारते. संच यादीहून मोठा नसेल, म्हणजे लहान किंवा बरोबरीचा असेल, तर ती फिरता दर्शक चालवते आणि दर्शकाकडून वस्तू काढवते. दोन्ही वाटांनी संचाची अंतिम स्थिती सामान्यतः एकच होते. श्रम वाचवण्यासाठीच ही निवड.

आता दोन्ही वाटांचा माग पाहा. संचात चाळीस अर्ज आहेत आणि दहा निकालात निघाले. चाळीस दहांहून मोठे, पहिली वाट. ‘स्वतःच्या’ रिमूव्हला हाक आली. दुसऱ्या नियमाने शोध पुन्हा तळापासून, आणि तळाशी मोजणारा संच उभाच आहे. त्याची रिमूव्ह दहा वेळा चालली, आकडा दहा. आता तो दुसरा दिवस घ्या. चाळीस अर्ज आहेत आणि बाईंनी चाळीसही संपवले. चाळीस हे चाळिसांहून मोठे नाहीत, दुसरी वाट. दर्शक कोणता, याचा शोधही तळापासूनच झाला आणि तो हॅशसेटकडे सापडला. पण दर्शक ही स्वतंत्र वस्तू आहे, तिची वंशावळ निराळी. ती अर्ज काढते तेव्हा आपल्या मोजणाऱ्या संचाच्या रिमूव्हकडे ढुंकूनही पाहत नाही. चाळीस अर्ज निघून गेले आणि आकडा राहिला शून्य.

ज्या दिवशी काम पूर्ण झाले त्याच दिवशी कामाची नोंद पुसली जावी, यातील अन्याय त्या बाईंना बरोबर कळला होता. कारण तेवढे कळत नव्हते. मी आकड्यांनिशी सर्व उलगडून दाखवले तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, “म्हणजे एक अर्ज मागे ठेवला असता तर एकोणचाळीस लागले असते!” आणि ते अक्षरशः खरे होते.

हा दोष एकट्या त्या तरुणाचा होता असे मात्र नाही. ब्लॉक यांनीच २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या ग्रंथात याच वंशावळीतील सख्खा भाऊ शोभेल असा दोष दाखवला आहे. तेथे संचात घातलेल्या वस्तू मोजावयाच्या होत्या. वारसाने एक घालण्याची आणि अनेक घालण्याची अशा दोन्ही कृती नव्याने लिहिल्या आणि दोहोंत मोजणी केली. पूर्वजाची अनेक घालण्याची कृती आतून एक घालण्याच्या कृतीलाच हाक मारीत असल्याने प्रत्येक वस्तू दोनदा मोजली गेली. तीन घातल्या आणि आकडा आला सहा. तेथे पूर्वज हाक मारतो म्हणून चूक. येथे पूर्वज कधी हाक मारतो, कधी मारीत नाही म्हणून चूक. कारण एकच. वारस हा पूर्वजाच्या नुसत्या वचनावर अवलंबून नसतो, तर पूर्वजाने ते वचन आतून कसे पाळले यावरही अवलंबून असतो. वस्तूचे अंतरंग बाहेरच्यांपासून झाकलेले असावे हे या पद्धतीचे ब्रीद. वारसा त्या ब्रीदाला तडा देऊ शकतो, हे ॲलन स्नायडर यांनी १९८६ सालीच एका निबंधात दाखवून दिले होते. पूर्वजाने आपल्या घरात केलेली निरुपद्रवी दुरुस्ती दूरच्या वंशजाचे घर पाडू शकते, ती यामुळेच.

माग काढताना वाचकाची जी दशा होते तिलाही १९८९ साली टेन्झर, गंटी आणि पोदार या तिघा लेखकांनी एक नाव दिले. मुले दोरीवर खालीवर नाचवतात त्या खेळण्यावरून ते ‘यो-यो’ची अडचण म्हणतात. कृती शोधत वर जावे, ‘स्वतःची’ हाक आली की तळाशी यावे, पुन्हा वर चढावे, ‘सुपर’ आले की आणखी एक पायरी वर जावे. वंशावळ सहा-सात पिढ्यांची असली तर आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हेच विसरावयास होते.

आतापर्यंत प्रत्येक वर्गाला एकच जनक आहे असे धरले. पायथॉनसारख्या भाषांत वर्गाला दोन किंवा अधिक जनक असू शकतात. माहेरची वही आणि सासरची वही दोन्ही फळीवर असाव्यात तसे. दोन्ही घराण्यांची पणजी एकच निघाली तर तिची वही कोणत्या क्रमाने उघडावी? यासाठी पायथॉनने २००३ साली, आवृत्ती २.३ पासून, ‘सी-थ्री’ नावाची रीत स्वीकारली. ती मूळ ‘डिलन’ या भाषेसाठी १९९६ मध्ये मांडली गेली होती. तिचा आशय असा: सर्व पूर्वजांची एकच सरळ रांग लावावयाची, वंशज नेहमी आपल्या पूर्वजाच्या आधी यावा, आणि जनकांची नावे ज्या क्रमाने लिहिली असतील तो क्रम मोडू नये. अशी रांग लागतच नसेल तर भाषा तो वर्ग निर्माण करावयासच नकार देते. येथे ‘सुपर’चा अर्थही बदलतो, तो जनकाकडे न जाता रांगेतील पुढच्याकडे जातो, आणि तो पुढचा लिहिणाराचा पूर्वजच असेल असे नाही, एखादा चुलतही असू शकतो.

आणखी एका भाषाभेदाची सूचना देऊन पुढे जातो. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांच्या सी-प्लस-प्लसमध्ये शोध तळापासून होण्यासाठी पूर्वजाने त्या कृतीवर ‘व्हर्च्युअल’ असा शिक्का मारलेला असावा लागतो. शिक्का नसेल तर वस्तू खरोखर कोण आहे हे न पाहता, तिला ज्या नात्याने ओळखले आहे त्या नात्यावरून कृती ठरते. म्हणून माग काढण्यापूर्वी भाषा कोणती आणि तिचा नियम कोणता, हे आधी विचारावे.

मग माग काढावा कसा? मला अनुभवाने उपयोगी वाटलेली रीत अशी आहे. प्रथम तळाशी कोणती वस्तू उभी आहे तिचा खरा वर्ग कागदावर लिहावा. मग तिची पूर्वजांची रांग शेवटपर्यंत लिहावी. प्रत्येक कृती कोणत्या पायरीवर सापडली हे तिच्यापुढे नोंदवावे, आणि आत ‘स्व’ला हाक आली की बोट निमूटपणे पुन्हा तळाशी आणावे. यंत्रांचे साहाय्यही पुष्कळ आहे. एखादे नाव कोणत्या कोणत्या वर्गांत लिहिले आहे आणि त्याला हाक कोठून कोठून येते, हे स्मॉलटॉकच्या परिसरात एका आज्ञेसरशी दिसत असे. आजच्या जावाच्या संपादकांत एखादी कळ दाबताच सर्व वंशावळ उलगडते. पायथॉनमध्ये वर्गाला त्याच्या पूर्वजांची रांगच विचारता येते. रूबी भाषेत तर कृतीला ‘तुझा धनी कोण?’ असे थेट विचारण्याची सोय आहे. आणि चालती आज्ञावली थांबवून एकेक पाऊल पुढे टाकू देणारे साधन असले तर डोळ्यांदेखत माग लागतो. पण साधन वाट दाखवते. त्या वाटेवर काय लिहिले आहे ते वाचण्याचे काम आपलेच.

कचेरीतील आज्ञावलीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दुरुस्ती फार लहान होती. त्या तरुणाने हॅशसेटचा वारसा सोडून दिला. आपल्या वर्गाच्या पोटात त्याने एक हॅशसेट नुसता ठेवला, आणि वगळण्यापूर्वी किती अर्ज होते व वगळल्यानंतर किती राहिले यांची वजाबाकी करून तो आकडा वर पाठवू लागला. आत कोणतीही वाट घेतली गेली तरी वजाबाकी चुकत नाही. वारस होण्याऐवजी वस्तू हाताशी ठेवून तिच्याकडून काम करून घ्यावे, हा उपदेश या शास्त्रातील जाणत्यांनी १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथापासून वारंवार केलेला आहे. पण वारसा टाकून द्यावा असा त्याचा अर्थ नव्हे. पूर्वजाने ‘माझ्या आतील कोणत्या कृती मी कोठे वापरतो’ हे स्पष्ट लिहून ठेवले असेल आणि वंशजाने ते वाचले असेल, तर वारशासारखी श्रम वाचवणारी गोष्ट नाही.

मला या प्रकरणात सर्वांत अधिक लागून राहिली ती गोष्ट शेवटी सांगतो. ॲबस्ट्रॅक्टसेटची ही दोन वाटांची कृती कोणी लपवून ठेवलेली नव्हती. त्या वर्गाच्या जाहीर वर्णनात, त्या कृतीच्या नावाखालीच, आधी दोन्ही संख्यांची तुलना होते आणि मग वाट ठरते, असे स्वच्छ शब्दांत लिहिलेले होते. पूर्वजाने आपले कर्तव्य केले होते. दोन पायऱ्या वर चढून ते वाचण्याची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती, आणि त्या न चढलेल्या दोन पायऱ्यांपायी एक प्रामाणिक बाई कित्येक आठवडे मान खाली घालून बसल्या होत्या. जे आयते मिळते ते आपण तपासत नाही. आणि आयत्याची चूक झाली म्हणजे तिचा जाब मात्र वंशावळीत कोठेच नसलेल्या माणसाला द्यावा लागतो. ज्याने वारसा घेतला त्याने निदान एकदा तरी वर जाऊन, पूर्वजांनी काय लिहून ठेवले आहे ते वाचून यावे.